आक्काच्या चेहऱ्यावरचे तेज

कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी बरीच वर्षे निधनवार्तांचे पान पाहिले. त्या पानावर माणसे तीनच प्रकारे मरत: अल्पशा आजाराने, दीर्घ आजाराने आणि हृदयविकाराच्या धक्क्याने. अपघात, आत्महत्या, खून यांची पाने वेगळी होती. मजकूर गल्लीतून येई. पूर्वी चिठ्ठीवर, नंतर मोबाइलवर, फोटोसकट. नाव, वय, पश्चात परिवार आणि रक्षाविसर्जनाची वेळ एवढे तपासणे आमचे काम. रक्षाविसर्जनाची वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी माणसे ऑफिसात भांडायला येत. मरणाचे कारण चुकले म्हणून कोणी आल्याचे मला आठवत नाही.

माझी थोरली बहीण गेली तेव्हा मी त्या कामातून निवृत्त झालो होतो. तिची बातमी तिसऱ्या प्रकारात छापून आली.

आक्का आणि दाजी जुन्या पेठेत राहत. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे परडे. दाजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्तीनंतरही त्यांचा पाना हातातून सुटला नव्हता. गल्लीतले मिक्सर, पंखे, शिलाई मशीन त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. त्यांची एकुलती मुलगी गारगोटीला दिलेली. घरात दोघेच.

आंघोळीचे पाणी परड्यातल्या तांब्याच्या बंबात तापे. आक्काचे गुडघे गेल्यावर बादली उचलणे तिला जड जाऊ लागले. दाजींनी तिच्यासाठी स्वयंपाकघराला लागून छोटे बाथरूम बांधून घेतले आणि गॅसचा गिझर स्वतः बसवला. नळ सोडला की गरम पाणी. आक्काने पहिल्या दिवशी गल्लीतल्या बायकांना बोलावून तो नळ सोडून दाखवला होता. ते पाहून समोरच्या आणि शेजारच्या घरानेही गिझर आणले. ते दोन्ही दाजींनीच बसवून दिले.

बाथरूमला वर काचेच्या पट्ट्यांची खिडकी होती. थंडी सुरू झाल्यावर तिथून वारे येते, अंग ओले असताना काटा येतो, असे आक्का म्हणाली. दाजींनी प्लायवुडचा तुकडा मापाला कापून खिडकीत बसवला आणि कडेने पट्टी मारली. काम नेटके होते. फटीतून उजेडसुद्धा येत नव्हता.

त्या दिवशी सकाळी आक्का आंघोळीला गेली. दाजी पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. पाण्याचा आवाज येत होता, म्हणून त्यांना वेगळे काही वाटले नाही. पेपर वाचून झाला तरी आवाज येतच राहिला. त्यांनी हाक मारली, दार वाजवले, मग खांदा लावून कडी तोडली. आक्का भिंतीला टेकून बसल्यासारखी होती. नळ चालू होता आणि पाणी गरम होते.

मी पोहोचलो तेव्हा गल्ली भरली होती. आमच्या पेठेत घरात कोणी गेले की घरच्यांनी काही करायचे नसते. कोणी सांगत नाही, ठरवत नाही. गल्ली ते काम उचलते. कोणी नातेवाइकांना फोन करतो, कोणी शववाहिका बोलावतो, कोणी स्मशानात दहनासाठी शेणी मांडून ठेवायला पुढे जातो. घरच्या माणसाला भिंतीशी बसवतात आणि त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देतात. दाजी तसे बसले होते. सगळी सूत्रे तालमीच्या वस्तादांकडे होती. हा माणूस गल्लीतल्या प्रत्येक मातीला, म्हणजे अंत्यविधीला, पुढे असतो. दाजींचा तो बालपणापासूनचा मित्र.

परड्यात साड्यांचा आडोसा धरून बायकांनी आक्काला न्हाऊ घातले. नवऱ्याच्या आधी गेलेली, म्हणजे सवाष्ण. हिरवी साडी नेसवली, हळद लावली, कपाळभर कुंकवाचा मळवट भरला, ओटी भरली. आडोशाच्या आतले बोलणे बाहेर ऐकू येत होते.

"बघा की गं, लक्ष्मीगत दिसाय लागलीया."

"गाल कसं लाल झाल्यात. जित्तेपणी एवढं न्हवतं तेज."

"ओठ बघ, नखं बघ. रंगवल्यागत. पुण्याई लागती त्याला."

"नशीब काढलं बाईनं. कुंकू घेऊन गेली."

एक म्हातारी दाजींच्या पुढ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "रडू नगंस बाबा. असं मराण मागून मिळत न्हाय."

डॉक्टर आले ते यानंतर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना आहे. तीन पिढ्यांना औषध देणारा सभ्य माणूस. तोपर्यंत आक्काला पुढच्या खोलीत ठेवले होते. गालांवर हळद, कपाळावर मळवट, अंगावर गळ्यापर्यंत साडी आणि हार. डॉक्टरांनी नाडी पाहिली, पापणी वर करून बॅटरी मारली, छातीला नळी लावली. मग त्यांनी विचारले,

"बीपीची गोळी चालू होती ना?"

"व्हय की," वस्ताद म्हणाले.

"छातीत दुखतंय असं काही म्हणत होत्या?"

"दोन दिस झालं म्हणत हुत्या."

हे वस्तादांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दाजी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांना कोणी विचारले नाही आणि ते बोलले नाहीत.

डॉक्टरांनी कानातून नळी काढली. "बाथरूममध्ये झालंय. नियमानं सरकारी दवाखान्यात न्यायला पाहिजे."

"डॉक्टर," वस्ताद खालच्या आवाजात म्हणाले, "आता चिराय लावू नका बाईला. पोरगी गारगोटीसनं निघालीया. तिला आईचं तोंड तरी धड बघू दे."

डॉक्टरांनी बॅग उघडली आणि कागद लिहिला. हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. पूर्वीचा आजार, रक्तदाब. वस्तादांनी तो घडी करून खिशात ठेवला. पुढे स्मशानातल्या खिडकीवर तो त्यांनीच दिला आणि मयताची माहिती देणारा म्हणून सहीही त्यांनीच केली. नंतर त्यांनी एका पोराला बातमी सांगितली आणि पोराने ती मोबाइलवर लिहून आमच्या दैनिकाला पाठवली. दुसऱ्या दिवशी छापून आली. रक्षाविसर्जनाची वेळ बरोबर होती.

मातीहून आल्यावर आंघोळ करायची असते. पाहुण्यांतले बरेच जण त्याच बाथरूममध्ये एकामागून एक न्हाले. मीही. दाजींनी कडी तोडलेली असल्याने दार पुरते लागत नव्हते. एक जण बाहेर राखण करी आणि आतला दोन बादल्या घेऊन निघे. बाहेर आल्यावर माझे डोके जड झाले होते. भाचीच्या सासूलाही तसेच झाले. सासूच्या जावेला मळमळले. सकाळपासून पोटात काही नाही, त्यात रडारड, असे सगळ्यांनी म्हटले आणि ते पटण्यासारखे होते.

रक्षाविसर्जनाच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या सुताराने येऊन ती कडी दुरुस्त केली. पाहुणे-रावळे येणार, बायकामाणसांची अडचण व्हायला नको, म्हणून. कोणी सांगितले नव्हते. दारही त्याने रंधा मारून चौकटीत नीट बसवून दिले.

रक्षा नदीत न सोडता आमच्या शेतात एका आंब्याच्या रोपाशी टाकली. घरी परत आल्यावर भाची आंघोळीला गेली. थोड्या वेळाने आत बादली पडल्याचा आवाज झाला. तिची सासू दाराजवळच तांदूळ निवडत होती. तिने दार ढकलले. कडी लावलेली नव्हती. भाची फरशीवर पडली होती. सासू आणि तिची जाऊ यांनी तिला ओढून परड्यात आणले आणि वाऱ्याला झोपवले. काही वेळाने तिने डोळे उघडले.

"उपास घडलाय नुसता," सासू म्हणाली. "चहावर चाललंय पोरीचं."

संध्याकाळी पाहुणे पुढच्या खोलीत बसले असताना भाचीने मला परड्यात बोलावले.

"मामा, मी कडी लावली न्हवती. आईची भीती वाटली म्हणून." ती बंबाच्या कट्ट्यावर बसली होती. "आत डोकं धरलं, मग पाय गेलं. हाक मारायची हुती, तोंडातनं आवाज निघंना. बाहेर आणल्यावर वाऱ्यानं बरं वाटलं. उपासाचं असं असतंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"आईला बायकांनी न्हाऊ घातलं तवा तिचं गाल लाल हुतं म्हणत्यात. कोण म्हणतंय लक्ष्मी, कोण म्हणतंय तेज. मी आल्यावर हात हातात घेतलता. नखं गुलाबी हुती, मामा. गेलेल्या माणसाची नखं अशी असत्यात?"

आम्ही दोघे आत गेलो. मी स्टुलावर चढून प्लायवुडवरून बोट फिरवले. कुठेच फट नव्हती. खाली बादलीशेजारी आक्काचा साबण तसाच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. भाचीने सगळे सांगितले. त्यांनी ते पुरते ऐकून घेतले. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हळदीखाली मला काही दिसलं नाही," ते म्हणाले. "गेलेलं माणूस फिकट पडतं, निळसर पडतं. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की एक वायू तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. तो रक्तात गेला की कातडी अशी गुलाबी दिसू शकते. पण नुसत्या रंगावरून छातीठोक सांगता येत नाही. त्याच वेळी रक्त तपासायला हवं होतं."

"आता?"

"आता काय तपासणार, बाळ? रक्षा आंब्याला गेली." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "तो गिझर आजच बंद करा. आणखी कुणाकडे आहे?"

"समोर हाय. शेजारी हाय. आमच्या आप्पांनीच बसवलेत."

"समोर ती बाळंतीण आहे ना?"

"व्हय. पोरग्याला तिथंच न्हाऊ घालत्यात."

हे बोलून झाल्यावर भाचीचा चेहरा बदलला. गिझर काढायचा तर कारण सांगावे लागणार होते. एक निमित्त घरात चालले असते: गॅस गळतोय. पण समोरच्या आणि शेजारच्या घरी गिझर काढायला दाजींनाच जावे लागणार होते, कारण ते त्यांनीच बसवले होते.

आणि दाजी त्या दिवसांत एका वाक्यावर जगत होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत. "शेवटची आंघोळ तरी सुखाची झाली तिची. पाण्यासाठी वाट बघाय लागली न्हाय. गरम गरम पाणी अंगावर घेतच गेली." पुढच्या माणसाला पुन्हा तेच. मी ते अनेकदा ऐकले. प्रत्येक वेळी भाची उठून आत जाई.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून आम्ही महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या आरोग्य अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या. समोर कागदांचे गठ्ठे होते. त्यांनी आधी खुर्ची दिली, मग ऐकून घेतले.

"हृदय बंद पडलं, असं लिहिलेले कागद रोज येतात," त्या म्हणाल्या. "हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशामुळं, एवढंच मला हवं असतं आणि तेवढंच लिहिलेलं नसतं. बाथरूममध्ये पडून गेलेल्या बायका माझ्याकडे हार्ट म्हणून येतात. त्यात किती हार्टच्या आणि किती या गिझरच्या, मी सांगू शकत नाही. आलेला कागद मी मोजते. न आलेला कसा मोजू? आणि मोजलं नाही तर मी वर जाऊन काय मागू? बांधकाम परवान्यात खिडकी तपासा म्हणू? कशाच्या जोरावर?"

"आईचा कागद बदलता येईल?" भाचीने विचारले.

"डॉक्टरांनी नव्यानं लिहून द्यावं लागेल. संशयित म्हणूनच लिहितील. अपघाती धरलं तर पोलिसांनाही कळवावं लागेल. आणि त्यांना लिहायला आधार पाहिजे. घरात त्या वेळी कोण होतं? खिडकी कशी होती, दार कसं होतं, नळ चालू होता का, हे पाहिलेल्या माणसाचा जबाब."

"माझे वडील."

"मग त्यांना घेऊन या."

बाहेर आल्यावर भाची कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसली. "मामा, तुम्ही सांगा त्यांना."

मी म्हणालो, सांगेन. मग ती स्वतःच म्हणाली, "नको. तुमच्यासमोर त्यांना रडता येणार न्हाय."

तिने दिवसकार्य होईपर्यंत थांबायचे ठरवले. तोवर समोरच्या घरी जाऊन तिने बाळंतिणीला सांगितले की, आमचा गिझर गळतोय, त्याच कंपनीचा तुमचा, तूर्त चुलीवर पाणी तापवा. शेजारीही तसेच सांगितले. दाजींच्या कानावर ते गेले आणि ते स्टूल घेऊन बाथरूममध्ये गेले.

भाची मला नंतर म्हणाली की तिला फक्त त्यांच्या पान्याचा आवाज ऐकू येत होता, आणि मग तो थांबला. ती दारात गेली. दाजी स्टुलावर उभे होते. गिझरचे झाकण काढलेले होते. ते गिझरकडे पाहत नव्हते, वर प्लायवुडकडे पाहत होते. वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना त्यांचा पहिला धडा असे की शटर खाली असताना इंजिन चालू ठेवायचे नाही. हा धडा भाचीने लहानपणापासून ऐकला होता.

"गॅस गळत न्हाय ह्याचा," ते म्हणाले.

"न्हाय, आप्पा."

"तू पडलीस ती उपासानं न्हाय."

"न्हाय."

ते स्टुलावरून उतरले आणि उंबऱ्यावर बसले. भाची शेजारी बसली. तिने तेव्हाच सगळे सांगितले. गाल, नखे, डॉक्टर, कार्यालय. दिवसकार्य व्हायचे होते, पाहुणे घरात होते. वेळ तिने निवडलेली नव्हती.

दाजींनी विचारले, "हाक मारली आसंल का तिनं?"

"मारता येत न्हाय, आप्पा. मलाबी आली न्हवती."

"मी पेपर वाचत हुतो."

"तुम्हाला ऐकू येण्यासारखं काय नव्हतंच."

"दुखलं आसंल?"

"न्हाय. झोप लागल्यागत होतंय. मला ठावं हाय की."

या शेवटच्या वाक्यावर ते मुलीकडे वळले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले. स्वयंपाकघरात बायका बारा माणसांचा भात करत होत्या. त्यांनी पाहिले आणि आवाज न करता काम चालू ठेवले. बाप-लेक आईसाठी रडत आहेत, असेच त्यांना वाटले, आणि ते खोटे नव्हते.

पाहुण्यांना ते वाक्य सांगणे दाजींनी त्या दिवशी थांबवले.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही तिघे कार्यालयात गेलो. अधिकारी बाई विचारत गेल्या, दाजी उत्तरे देत गेले, शेजारी बसलेला कारकून लिहीत गेला. दार आतून बंद होते का? होते. गिझर चालू होता का? होता. खिडकी?

"खिडकी मी बुजवली," दाजी म्हणाले.

बाई कारकुनाला म्हणाल्या, "लिहा, खिडकी बंद अवस्थेत होती."

"तसं न्हाय बाई. मी बुजवली. प्लाय मापानं कापला आणि पट्टी मारली."

"काका, कुणी बंद केली ते इथं लागत नाही."

"का लागत न्हाय?"

"आम्हाला कारण लागतं. दोष लागत नाही."

कारकुनाने लिहिलेले दाजींनी वाचले. मग त्यांनी सही केली. एसटीत असताना करत तशी, मोठी, पूर्ण नावाची.

डॉक्टरांनी नव्याने कागद लिहून दिला. त्यांनी वेळ लावला, पण दिला. पोलीस ठाण्यातून एक हवालदार येऊन खिडकी पाहून गेला. सगळे कागद पुढे पाठवले असे आम्हाला सांगण्यात आले. पुढे काय झाले हे कळायला आम्हाला मार्ग नाही, कारण घरच्यांना मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापतच नाहीत. नाव, तारीख, ठिकाण, पत्ता. आक्काचा दाखला आधी जसा होता तसाच राहिला. तो बदलण्यासारखा नव्हता.

गल्लीत मात्र दुसरा प्रश्न उभा राहिला. दाजी स्टूल आणि पाना घेऊन समोरच्या घरी गेले आणि गिझर काढून परड्यात उघड्यावर लावून देतो म्हणाले. घरमालक त्यांच्यापेक्षा लहान.

"काका, तुम्हीच बसवला आणि तुम्हीच काढताय व्हय? काकू गेल्यापासनं तुमचं मन थाऱ्यावर न्हाय. बसा, चहा घ्या."

"काकू त्यानंच गेली."

"आवो, काकू हार्टनं गेल्या. पेपरात आलंय की."

शेजारीही तेच ऐकायला मिळाले. गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फलक होता, त्यावरही तेच होते. दाजींनी दोन्ही गिझर अखेर काढले, पण घरमालकांनी ते म्हाताऱ्याच्या समाधानासाठी काढू दिले. पुढे ते इतर गल्ल्यांतही जाऊ लागले. ओळखीच्या घरात चहा प्यायचा आणि बाथरूम कुठे आहे ते विचारायचे. पेठेत त्यावरून थट्टा झाली. "बायको गेली आणि म्हातारा लोकांच्या मोऱ्या बघत फिरतोय," असे एकाने तालमीच्या कट्ट्यावर म्हटले. वस्तादांनी त्याला उठवून लावले, पण दाजींना गाठून तेही म्हणाले,

"लेका, मी डॉक्टरला सांगितलं ते तुझ्यासाठीच. तिची चिरफाड झाली असती तर तुला सोसलं असतं?"

"नसतं."

"मग?"

"मग काय न्हाय."

"माझ्यावर राग हाय का तुझा?"

"तुझ्यावर कशाला आसंल?" दाजी म्हणाले.

थंडी पुन्हा आली तेव्हा दाजी माझ्या घरी आले. वर्षश्राद्ध जवळ आले होते. पेपरात पुण्यस्मरणाची चौकट द्यायची होती. मजकूर त्यांनी स्वतः लिहून आणला होता.

"पावणं, ह्यात अक्षराचा फरक करायचा न्हाय."

मी वाचले. तिच्या फोटोखाली द्यायच्या चार ओळी होत्या. गेल्या वर्षी हृदयविकाराने निधन अशी बातमी आली होती, ती बरोबर नव्हती. गॅसचा गिझर चालू होता आणि बाथरूमची खिडकी बंद होती. खिडकी तिच्या नवऱ्याने बंद केली होती. ज्यांच्याकडे असा गिझर आहे त्यांनी तो बाहेर काढावा किंवा खिडकी उघडी ठेवावी.

तिसऱ्या ओळीवर मी थांबलो. ते माझ्याकडे बघत होते.

"ही ओळ नसली तरी चालंल, दाजी. अर्थ पोचतोय."

"ती ऱ्हाऊ दे. त्याबगर लोकास्नी खरं वाटत न्हाय. पेपरात आलं की वाटतंय."

मी मजकूर पाठवला. पानावरच्या तरुण उपसंपादकाने मला फोन केला. पुण्यस्मरणात असे कोणी देत नाही, सर, असे तो म्हणाला. निदान 'भावपूर्ण आदरांजली' तरी वर घालू का, आणि खाली शोकाकुल म्हणून नावे? त्याचे म्हणणे नियमाला धरून होते. त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारले असते. मी त्याला म्हणालो की मजकूर घरच्यांचा आहे आणि घरचे माणूस बदलायला तयार नाही. चौकट आली तशी छापली गेली.

त्या सकाळी मी पेठेत गेलो. दाजी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसले होते. चौकट वाचून त्यांनी पान घडी केले. भाची गारगोटीहून आली होती आणि आत नैवेद्याचे पाहत होती. थोड्या वेळाने वस्ताद आले. त्यांच्या हातातही पेपर होता. दाजींच्या शेजारी बसले, आक्काच्या फोटोला हात जोडले, मग पाय धुवायला मागे बाथरूममध्ये गेले.

बाथरूमच्या खिडकीतला प्लायवुड, काचा आणि चौकट दाजींनी गेल्या वर्षीच काढून टाकली आहे. तिथे आता नुसती तारेची जाळी आहे. परड्यातल्या बंबात पाणी तापते. दाजी बादली उचलून आत नेतात आणि तिथेच आंघोळ करतात.

"वारं लई येतंय की हितनं," वस्ताद आतून म्हणाले.

"येऊ दे," दाजी म्हणाले.